ठिगळीचं दहावं

मंडळी, एक विचारू? माणूस गेला की आपण म्हणतो, कैलासवासी झाला, वैकुंठवासी झाला. मग कुत्रं गेलं तर? ते कुठलं वासी? — हसताय! पण असाच प्रश्न पिंपळघाटच्या दामोदर शिंप्यानं भटजींना विचारला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कोण हा दामोदर? एकटा जीव. बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही. घरात एक शिलाई मशीन आणि मशीनखाली एक कुत्री. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग — जणू कुणी घाईत ठिगळ लावलंय! म्हणून नाव ठिगळी.

दामोदर कामाला बसला की तहानभूक विसरायचा. ठिगळी विसरायची नाही! दुपार झाली की उठायची आणि मशीनच्या पायडलवर जाऊन आडवी व्हायची. सगळं अंग टाकून! मशीन बंद!

"अगं ऊठ, लग्नाचं काम आहे!" — ढिम्म!

"पाटलांचा सदरा राहिलाय गं!" — एक डोळा उघडायची. परत मिटायची.

दामोदर निमूट भाकरी खायला बसायचा. तेव्हा कुठे बाईसाहेब पायडल सोडायच्या!

ही ठिगळी म्हातारी होऊन गेली. आणि मशीन दिवसभर चालायला लागली! अडवणारं कोण? चूल कधी पेटायची, कधी नाही. दामोदरचा सदरा त्यालाच ढगळ व्हायला लागला. शिंप्याचा सदरा, मंडळी!

नवव्या दिवशी तो वामनभटजींकडे गेला. "माझ्या ठिगळीला गती मिळेल का हो? तिचं दहावं करायचंय."

भटजी गडबडले. "अरे, कुत्र्याचं गोत्र काय सांगू?"

"माझंच सांगा."

भटजींनी पंचा खांद्यावर टाकला! घाटावर पिंड ठेवला. गाव जमलं — निम्मं रडायला, निम्मं बघायला! कावळा समोर पिंपळावर. बघतोय, पण खाली येईना! इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे ठिगळीची काहीतरी इच्छा राहिली. पण कुठली?

खाटीक पुढे झाला. "ठिगळे, तुला दगड मारला होता, चुकलो! आजपासनं गावच्या कुत्र्यांना हाडकं फुकट!" कावळा जागचा हलेना.

पोस्टमननं हात जोडले. "बाई, तू माझी पँट फाडलीस. केलं माफ!" कावळ्यानं पाठ फिरवली.

दामोदर रडकुंडीला आला. "काय हवं गं तुला? दूधपोळी ठेवीन. समाधी बांधीन!" कावळा पंख साफ करतोय!

शेवटी शेजारच्या भागाबाई पदर खोचून पुढे आल्या. "अरे दामू, तिला काय हवं, तिला काय हवं, काय लावलंयस? जन्मात तिनं स्वतःसाठी काही मागितलं? तिला घोर एकच होता! तू काल काय जेवलास, ते सांग आधी!"

दामोदर दिवस मोजायला लागला. काल काही नाही. परवाचं आठवेना. आठवलं ते एवढंच — पायडलवरचं ते गरम अंग. तो पिंडासमोर बसला आणि हळूच म्हणाला,

"जेवतो गं बाई. रोज वेळेवर जेवतो. ऊठ आता पायडलवरनं."

आणि मंडळी — फडफड! कावळा खाली!

भागाबाईंनी बरोबर आणलेलं भाकरीचं फडकं तिथंच सोडलं. दामोदर घाटाच्या पायरीवर बसून जेवला. पोटभर!

कोणी म्हणेल, बुवा, एवढ्या वेळात कावळ्याला भूक लागली. लागलीही असेल! मी कावळ्याला विचारलेलं नाही, आणि वैकुंठही पाहिलेलं नाही. पण मरतानाही जिला दुसऱ्याच्या भाकरीची काळजी, तिला आत्मा नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जिथं आपल्या माणसांना जागा, तिथं ठिगळीलाही जागा!

आता तुमच्याकडे येतो. दचकू नका! एक दिवस आपलाही पिंड घाटावर असणार. लोक विचारतील, याची कुठली इच्छा राहिली? प्लॉट? भावावरची केस? का सुनेनं न ऐकलेला एखादा शब्द? आणि त्या कुत्रीची काय राहिली होती? तर माझा माणूस जेवला पाहिजे! तिच्या गतीची काळजी सोडा, मंडळी. आपली करा. आज घरी गेलात की पानावर बसण्याआधी भिंतीपलीकडे एक हाक मारा —

"काय हो, जेवलात का?"