तेलाच्या थेंबावर तपासलेला मीटर

मंडळी, वहिनी, उन्हातान्हाचे तुम्ही सगळे आलात. मला बोला म्हणाले, म्हणून उभा राहिलो. आमचा नरहरीभाऊ गेला, हे तोंडातून निघत न्हाई. जरा सांभाळून घ्या.

निजाम सरकारचे शेवटचे दिवस. भाऊ इथं नांदेडच्या वायरलेस स्टेशनात, मी लातूरला. हा इथून खटखट करून निरोप धाडणार, मी कानाला हेडफोन लावून लिहून घेणार. लई जमायचं आमचं. काम संपलं की हळूच विचारायचा, "तुझ्या चाकूरची ज्वारी कशी हाय?" मी कळवायचो, "तुझ्या नायगावपेक्षा बरी." साहेबाला कळतं तर दोघांची खैर नव्हती.

मग काय झालं, नांदेडचा आवाज लातूरला विरायला लागला. निरोप अर्धेच हाती लागायचे. साहेबांनी नांदेडला येऊन, निरोप किती ताकदीनं बाहेर जातो ते दाखवणारा मीटर पाहिला. काटा पूर्ण ताकद दाखवत होता. झालं. म्हणाले, लातूरवालाच कामचुकार. मला हुकूम आला, जवाब द्या, न्हाईतर बडतर्फ. घरात एकटा मी कमावता.

भाऊनं काय करावं? एरियलची तार सोडवली आणि त्या जागी बल्ब लावला, म्हणजे बाहेर जाणारी सगळी ताकद त्या बल्बात उजेड होऊन दिसणार. तसलाच दुसरा बल्ब बॅटरीवर. दोन्हींच्या मधी कागद उभा केला, कागदावर करडीच्या तेलाचा थेंब. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की तो डाग दिसेनासा होतो. बॅटरी कमी-जास्त करत त्यानं डाग घालवला. उजेड सारखा म्हणजे ताकदही सारखी, म्हणून मग बॅटरीची ताकद मोजली, तिचे मीटर साधे, भरवशाचे. तर काटा सांगत होता त्याच्या निम्मीसुद्धा ताकद भरेना.

आता अडचण ऐका. मागं तो मीटर बंद पडला, तेव्हा भाऊनंच बिगर इजाजत उघडून सांधला होता. पुन्हा जुळवून घ्यायचा राहून गेला. गप बसला असता तर कुणाला कळणार होतं? जाणार होतो मी, तो न्हाई. पण हा गडी साहेबासमोर दोन्ही बल्ब पेटवून उभा. म्हणाला, "मीटर मी उघडला. लातूरवाल्याची चूक न्हाई."

माझी नोकरी राहिली. त्याची गेली.

पुढं त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी गेलो की चहा पाजायचा, जुनं सगळं काढायचा, हे तेवढं न्हाई. एकदा मीच म्हणालो, "भाऊ, माझ्यापायी तू..." तर असा चिडला. "तुझ्यापायी? येडा हाईस का? मीटर खोटं बोलून राहिला होता. मी ऐकून कसं घेऊ?"

असेल बाबा. त्याला मीटरचं पडलं असेल. पण त्या नोकरीवर माझी चार लेकरं शिकली, मंडळी. आणि वहिनी, दुकानाचा जम बसेपर्यंत तुम्ही लोकांचे कपडे शिवलेत. हे त्यानं कधी सांगितलं न्हाई, तुम्हीही न्हाई. म्हणून आज माझा पहिला नमस्कार भाऊला न्हाई, तुम्हाला.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.