कौसाकाकूच्या शेतात पुरलेलं औषध

मंडळी, मायबहिणींनो, काल कौसाकाकूची तेरवी झाली. आज तुम्ही तिच्यासाठी पारावर जमले. मले बोलायले सांगतलं. मी गजानन. संग्रामपुरात फवारणीच्या औषधाचं दुकान चालवलं, तो. विषाले आपण औषधच म्हणतो.

काकू शेताच्या खालच्या कोपऱ्यात दरसाल कोहळी लावे अन् एकही कोणाच्या घरात जाऊ देत नसे. तुम्ही हसत होते. 'म्हातारी पिकवते अन् फेकते.' मीही हसलो. पण मले कारण माहीत होतं.

माझ्या दुकानात एका पावडरीची पोती पडून होती. सरकारनं बंदी आणली. मी काकूच्या मालकाले, महादूकाकाले म्हटलं, 'काका, तुमच्या कोपऱ्यात पुरू. माती सगळं पचवते.' भला माणूस. खड्डा त्यानंच खोदला.

मातीनं पचवलं नाही. काका गेल्यावर एका पावसाळ्यात वरची माती वाहून गेली, पांढरी पावडर उघडी पडली. काकूच्या दोन बकऱ्यांनी ती चाटली. पाय झाडत तिच्यासमोर मेल्या.

मग कृषी कॉलेजच्या मॅडम आल्या. उरलेली पोती उचलून नेली. पण माती विष प्यायली होती. मॅडम म्हणाल्या, "लाल भोपळा लावा, तुमचं कोहळं. त्याची मुळं हे विष ओढून वेलात घेतात. पण वर्षं लागतील."

"कोहयं? अन् मंग खायाचं?"

"खायचं नाही. जनावराला नाही, चुलीतही नाही. पोत्यात भरून ठेवा, आम्ही नेऊ."

काकूनं तसंच केलं. दरसाल. लेक बाळंतपणाले माहेरी आली, तिले कोहळ्याची भाजी खावीशी वाटली. शेतात कोहळी लोळत होती, अन् काकू बाजारातून एक फोड विकत घेऊन आली. मी तिले जाताना पाह्यलं. दुकानात मान खाली घातली.

तीन वर्षांमागं राहवलं नाही. शेतात गेलो, सांगतलं.

काकू म्हणाली, "मले ठाव हाय. तुह्या काकानं जातानी सांगतलं."

"मग बोलली काऊन नाही?"

"तू येतो का नाही, ते पाह्यत होती. हातमोजे घाल अन् लाग."

आम्ही दोघांनी वेल उपटले. पोतं बांधता बांधता तिनं विचारलं, "गजानन, अजून कुठं पुरलं रे?"

मी म्हटलं, "कुठंच नाही, काकू."

ती माझ्याकडे पाहत राह्यली. दरसाल तेच विचारे. दरसाल मी तेच सांगे. यंदा खाटेवर पडली होती, तरी विचारलं. मी तेच सांगतलं.

मॅडम म्हणतात, कोपऱ्यातलं विष बरंच उतरलं, पण संपलं नाही. वेल उभे टाकून काकू गेली. आज सकाळी मी एकट्यानं उपटले. दरवेळी वेल ओढला का वाटे, मागून कोणी विचारून राह्यलं. वळून पाहायची हिंमत झाली नाही.

तर ऐका. सलीमभाऊ, तुमच्या विहिरीच्या वरच्या बांधाखाली तीन पोती आहेत. पुंजाजीदादा, तुमच्या गोठ्याखाली दोन. तुम्ही गोठा बांधत होते तवा मी रस्त्यावरून पाहत होतो. बोललो नाही.

सलीमभाऊ, उठू नका. तुमची नात त्या पाण्यावर वाढली, मले माहीत आहे. रोज माहीत होतं. आजपासून ते पाणी पिऊ नका. मॅडमले फोन केला आहे, त्या उद्या येतात. खड्डे कुठं आहेत, ते मी दाखवतो. काकूले खोटं बोललो. तुम्हाले नाही.

मले काय म्हणायचं ते म्हणा, काय करायचं ते करा. मी कुठं जात नाही. पण आधी तिच्यासाठी उभं राहू. दोन मिनिटं कोणी बोलू नका.

काकू, हात जोडतो.