हाताशिवाय फिरणारं बटण

न्हाई न्हाई, गफूरभाई भेटायचे न्हाईत, आत कामात हायेत — मी त्यांची बायको, जैबुन्निसा, माल मीच देते. बसा ऋतिकभाऊ. ही घ्या तुमची डबी. आठ दिवस लई करमणूक केली हिनं आमची. इकोची डबी, गिटारवाल्यानं पायानं दाबायची — आणि आणली कोणी? ज्याला गिटार येत न्हाई त्यानं. वर म्हणता, सिंथेसायझरला जोडून द्या. मला वाटलं पेटीसारख्या पट्ट्या तरी असतील, आणि आज तुमी बॅगेतून काढलंत काय, तर नुसत्या वायरी. राजुरीला वादळात विजेची डीपी पडली व्हती, ती अशीच दिसत व्हती.

काय केलं विचारता? ऐका. गिटारचा आवाज येतो बारीक, तुमच्या यंत्राचा दांडगा. सरळ जोडला तर डबी नुसती खरखरती. म्हणून आत शिरतानाच तो कमी केला, बाहेर पडताना परत वाढवला. यंत्र देतं बारा व्होल्ट, हिला लागतात नऊ, तेही उतरवून घेतलं. एवढं दोन दिवसात झालं माझं — म्हणजे त्यांचं. पण तुमची ती तिसरी फर्माईश, राव. इकोचं बटण हातानं फिरवायचं न्हाई, यंत्रानंच फिरवायचं. का वो? हातांना काय झालंय तुमच्या? चांगली दहा बोटं हायेत, आणि हौस कसली, तर हात लावायचा न्हाई. आमच्या घरात साधा चहाचा कप — जाऊ द्या. तर बटणाच्या जागी एलडीआर बसवलाय, अंधार पडला की आपोआप लागतो ना रस्त्यावरचा दिवा, त्यातला. समोर बारका एलईडी, वरून काळी नळी. यंत्रानं व्होल्टेज वाढवलं की एलईडी उजळतो, तसा इको वाढतो. जोडा, बघा.

का खरखरतंय? द्या इकडं. हा कथलाचा टाका सैल राहिला. धरा डबी, हलवू नका, आणि त्या मोबाईलशी काय खेळताय — कथील टेकवायचं, दोन मोजायचे, उचलायचं. फुंकर मारायची न्हाई. झालं. लावा आता. हं, असा पाहिजे.

काय म्हणालात? शूट केलं? माझं?

पुसा ते. हळू बोला, आत ऐकू जातंय. बोर्डावर गफूर नाव हाय, सगळा जुन्नर तालुका त्या नावावर येतो. दोन वर्षं झाली, कंपवात हाय त्यांना, पेचकस धरवत न्हाई. पयले आत बसून सांगायचे, मी करायची. आता सांगतही न्हाईत, नुसतं माझ्या हातांकडं बघत बसतात. लई वाईट वाटतं. कोणाला कळलं तर लाजेनं हे दुकानात पाऊल टाकायचे न्हाईत. पुसा म्हणते ना.

थांबा. आधी मला दाखवा.

माझे हात हायेत व्हय हे? जरासुद्धा हलत न्हाईत की. परत लावा.

अजून एकदा.

हं. पुसा आता. आणि निघा तुमी, हे उठले वाटतं.