दुसऱ्या गिअरची तक्रार

...नाही, कप तुम्ही खाली ठेवलात ना, तेव्हाच मी ओळखलं, हाजी. ओठाला लावलाच नाहीत. समोर टेबलावर ठेवलात, हात मांडीवर, नजर माझ्यावर — म्हणजे मागणं घेऊन आलात. आणि मी एकदा 'प्या' म्हटलं की मागणं मान्य, मग माघार नाही. ही रीत मला नका शिकवू. याच रीतीने मी माझ्या सुहैलसाठी मुलगी मागून आणली, तिच्या बापाने कॉफी पार बर्फ होईपर्यंत बसवून ठेवलं होतं मला. तर तुम्हीही बसा. पाणी घ्या, खजूर घ्या, पण कॉफीचं नाव मी काढणार नाही. आणि मागणं काय ते बोलायची तसदी घेऊ नका, मला ठाऊक आहे. शुक्री तुमचा पुतण्या. शुक्रीच्या गॅरेजवर मी नगरपालिकेत तक्रार दिलीय, रविवारी त्यांचा माणूस येणार, दाराला सील ठोकणार. तेव्हा तक्रार मागे घ्या — हेच ना? नाही नाही, हात वर करू नका, आधी माझं ऐका. तुमच्या पुतण्याचं तुम्ही रोजच ऐकत असाल.

गाडी तुम्ही आत येताना बघितलीत. अंजिराखाली उभी आहे ती. दोन माणसांची, बुटकी, लाल — म्हणजे लालच म्हणायची, अम्मानच्या उन्हाने आता विटकरी झालीय. विमानतळाच्या मनोऱ्यात विमानं उतरवायच्या कामावर लागलो तेव्हा मला रोमला शिकायला पाठवलं होतं, तिथे घेतली. जहाजातून अकबाच्या बंदरात उतरवली आणि वाळवंटातल्या रस्त्याने एकटा चालवत आणली. तेव्हा आपल्या या टेकडीवर, जबल लुवेब्दावर, माणसं गॅलरीत यायची तिचा आवाज ऐकून. तर अशी गाडी मी तुमच्या शुक्रीकडे दिली, कशासाठी? क्लच बदलायला. नुसता क्लच. म्हणाला, उद्या मिळेल काका, इन्शाल्ला. हा उद्या कोणाचा उद्या? मी रोज फोन करतोय, रोज उद्या. शेवटी गाडी मिळाली तर डावा दिवा वर येईना — तिचे दिवे झाकलेले असतात, बटण दाबलं की पापणी उघडल्यासारखे वर येतात — उजवा आला, डावा अर्ध्यात अडकला. रस्त्यात बायकांना डोळा मारत घरी आलो मी, या वयात. विचारलं, बाबा रे, क्लचचा आणि दिव्याचा संबंध काय? तर म्हणतो, काका, जुनी गाडी आहे, एकीकडे हात लावला की दुसरीकडे रुसते. रुसते म्हणे. सून आहे का ती? मग दिवा दुरुस्त केला, तर हॉर्न गेला. हॉर्न बसवला तो टॅक्सीचा. आता मी तिसऱ्या सर्कलवर हॉर्न दिला की लोक हात करून थांबवतात मला — एक बाई तर दार उघडून पिशवी घेऊन बसलीसुद्धा. तुम्ही हसताय. हसा. गाडी तुमची नाही.

पण हे सगळं मी गिळलं असतं, हाजी. खरं सांगतो, दिवा गिळला, हॉर्न गिळला, ऑईल गळून फरशीवर नकाशा झाला तोही गिळला — आमच्या हिने, उम्म सुहैलने, नाही गिळला, ती अजून फरशी घासतेय. माझी तक्रार आहे दुसऱ्या गिअरची. क्लच नवा घातल्यापासून दुसरा गिअर टाकला की खर्रर्र असा आवाज येतो, दात पाडल्यासारखा. चढावर तर फारच, आणि या गावात चढ नाही असा रस्ता दाखवा मला. मी परत नेली. शुक्री म्हणाला, चला, फिरवून बघू. तो चालवायला, मी शेजारी. आवाज नाही. गॅरेजच्या आसपासच्या, बयादरच्या सगळ्या गल्ल्या फिरलो, त्या सिमेंटच्या कारखान्यामागचा चढसुद्धा चढला, गिअर नुसता सरकतोय. मग मी बसलो चालवायला — खर्रर्र. त्याने गिअरबॉक्स खोलला, पुन्हा बसवला. पुन्हा तेच. त्याच्या हातात गप्प, माझ्या हातात ओरडते. आता तुम्हीच सांगा, याला लबाडी नाही तर काय म्हणायचं? काहीतरी करून ठेवलंय त्याने, मला वेड्यात काढायला. आणि मग — मग तो काय म्हणाला ठाऊक आहे? गॅरेजच्या दारात, चहा पीत बसलेल्या लोकांसमोर म्हणाला, 'काका, क्लचचं पेडल पुरतं दाबलं जातंय ना? पाय बरा आहे ना तुमचा?' असं विचारलं. सगळ्यांसमोर. लोक हसले असते तर बरं झालं असतं, हाजी. त्यांनी माना खाली घातल्या.

माझा पाय. काय झालंय माझ्या पायाला? साखर आहे, बरं, कोणाला नाही? तुम्ही खजुराला हात लावला नाहीत, म्हणजे तुम्हालाही असणार. डॉक्टर टाचणी घेऊन बसतो, तळव्याला टोचतो, विचारतो, कळलं का? मी म्हणतो, कळलं. त्याला काय समजणार? म्हणजे — कळतंच. बऱ्याचदा कळतं. परवा जिन्यात एक चप्पल पायातून निघाली आणि मी तसाच वर येऊन जेवायला बसलो, हिने दाखवलं तेव्हा — ते जाऊ द्या, त्याचा इथे संबंध नाही, चप्पलच सैल होती ती. मी काय सांगत होतो? हां. तुम्ही म्हणाल, बाजारात अशी थट्टा चालते, त्यावरून कोणी कोणाच्या पोटावर पाय देतो का. हाजी, ही थट्टा नाही. सुहैलचा कुवेतहून दर शुक्रवारी फोन येतो. बाबा, किल्ली आईकडे द्या. बाबा, टॅक्सी बोलवत जा. मी सांगतो, अरे, गाडीच बिघडलीय, त्या मेकॅनिकने बिघडवलीय, नगरपालिकेत तक्रार केलीय मी. मग तो किल्लीचा विषय सोडतो. आता समजलं? तक्रार मागे घेतली म्हणजे गिअर ठीक होता. गिअर ठीक होता म्हणजे पाय ठीक नाही. आणि पाय ठीक नाही म्हणजे किल्ली गेली. मनोरा सुटला, निवृत्तीच्या दिवशी हेडफोन उतरवून आलो. बरोबरची माणसं एकेक करून गेली, त्यांना पोहोचवून आलो. ही एक किल्ली आहे माझ्याकडे. ती तुमच्या पुतण्याच्या एका वाक्यावर देऊन टाकू?

आणि ब्रेक? ब्रेकचं सांगितलं का त्याने तुम्हाला? ते नसेल सांगितलं. त्या दिवशी मी रागाने निघालो, गॅरेजपुढचा उतार तुम्हाला माहीत आहे, खाली तो फलाफिलवाला उभा असतो, दाऊद. गाडी सुटली. दाऊद कढईवर वाकलेला, त्याला पत्ताच नाही. एवढं अंतर राहिलं, बघा, वीतभर — कढईतलं तेल हिंदकळलं. हा ब्रेक कोणी नीट केला नव्हता? शुक्रीने. हेसुद्धा मी तक्रारीत लिहिलंय, ठळक लिहिलंय. ब्रेक लागलाच नाही. मी दाबला, पूर्ण ताकदीने दाबला — म्हणजे दाबला असंच मला वाटलं, मग खाली वाकून बघितलं तर पाय तिथे नव्हताच, बाजूला पडला होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा, मग मी हाताने उचलून—

...ऑईल सांडलं असेल. पेडलवर ऑईल होतं, घसरला असेल. असे बघू नका माझ्याकडे. दाऊदला काही झालं नाही, त्याने उलट मला पाणी दिलं. अगं, पंखा लाव जरा, किती उकडतंय. आणि आलेल्या माणसाला नुसतं कोरडं बसवून ठेवलंय आपण, ही काय पद्धत झाली — घ्या हो हाजी, संकोच कसला करताय, गार होतेय तुमची कॉफी, प्या.

...

नाही. थांबा. ते मी सवयीने म्हणालो. जन्मभर दारात आलेल्या प्रत्येकाला हेच म्हणत आलोय, तोंडातून आपोआप — ठेवा, ठेवा तो कप, हाजी, तो शब्द धरायचा नसतो, मी बोलण्याच्या भरात — प्यायलात. पार तळापर्यंत. उम्म सुहैल, दारामागे उभी राहून हसू नकोस, ऐकू येतंय मला. हसत नाहीस? मग काय— बरं. बरं, राहू दे.

ठीक आहे. दिला शब्द. कसाही दिला तरी माझ्याच तोंडातून गेलाय, आणि माझ्याच घरात गेलाय. उद्या नगरपालिकेत जातो — खरा उद्या, शुक्रीचा नव्हे — आणि तक्रारीवर काट मारून येतो. सुटला तुमचा पुतण्या. जाऊन सांगा त्याला, त्याचा काका आला, तोंड न उघडता बसला आणि मागणं घेऊन गेला.

काय?

तक्रारीचं नव्हतं? मग कशाचं होतं? मघापासून मी बोलतोय, तुम्ही मध्ये एक शब्द... हो, मीच बोलू दिलं नाही. मग बोला आता. शुक्री म्हणाला, सील लागलं तर लागू दे? गिअर माझ्यामुळे, ब्रेकही माझ्यामुळे, काकांना हवं तसं लिहून देतो — असं म्हणाला तो? सुहैलला दाखवायला कागदसुद्धा देतो म्हणाला? दुकान बंद करून घ्यायला तयार आहे आणि वर कागद देतो. मग तुम्हाला कप खाली ठेवायला पाठवलं कशासाठी?

...

किल्ली मागायला. म्हणजे त्या दिवशी तो गॅरेजच्या दारातच उभा होता. त्याने बघितलं मला पाय उचलताना.

दर शुक्रवारी येईन म्हणतो? तो चालवणार आणि मी शेजारी बसायचं? ती सीट हिची आहे. नको. ते नंतर बघू, आत्ता नको.

तुम्ही मागितलंत, आणि मी प्या म्हणालो. संपलं. किल्ली दाराजवळ कोट टांगलाय त्याच्या खिशात आहे, तुम्हीच काढून घ्या, माझ्याच्याने नाही होणार. आणि तक्रार मी मागे घेणार, ती तुमच्या मागण्यात नव्हती, ती माझी मी घेणार आहे, तेवढं त्याला सांगा. नाही, तुम्ही काही बोलू नका आता. सोडायलाही येत नाही मी खाली. जा, हाजी. दार ओढून घ्या.