सरांच्या कपाशीवर फवारणी नको

मंडळी, आणि वहिनी,

एवढे सगळे आलात. सर असते तर म्हणाले असते, "माझ्या तासाला काऊन नाही आले रे?" आज बोलणं जड जातंय. टिंगलीची सवय लागलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते.

देविदास सरांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि स्वतःच्या शेतात अळ्या पाळल्या. हो, पाळल्या! मी एकदा विचारलं, "सर, पानाची चाळण झाली, अन तुमी खुश काऊन होऊन राह्यले?"

म्हणाले, "अरे बाबू, झाड आता हाका मारून राह्यलं!"

मग समजावत. अळी पान चावते. पानातल्या मेदाम्लांशी, म्हणजे स्निग्ध घटकांशी, प्राणवायू जोडला जातो. तिथं झाडाची एन्झाइमं कामाला लागतात. एक एन्झाइम त्या मेदाम्लांचे तुकडे करतं, त्यातून वास सुटतो, कापलेल्या गवताचा येतो तसा. दुसरं त्यांच्यापासूनच धोक्याचा निरोप बनवायला घेतं. शाबूत पानंही सावध होतात. वासावर बारीक गांधीलमाश्या येतात आणि अळीचा बंदोबस्त करतात. कपाशीच्या कोणत्या वाणाची हाक मोठी, हे सरांना शोधायचं होतं. म्हणून तिथं औषधाचा थेंबही नको होता.

आणि आपण काय केलं? सर गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारी पाठीवर पंप लावून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर हजर! "सरांची शेवटची सेवा," म्हणे. वहिनी धावल्या, कपाशीत उभ्या राहिल्या. "आधी माह्यावर मारा, मंग झाडावर!"

गणपतभाऊ, मान खाली घालू नका. तुमची माया खरीच होती. फक्त ती पंपात भरायची नव्हती.

काल वहिनी ओळीत वाकून पाहत होत्या. एकदम ओरडल्या, "भाऊजी, या ना इकडं! माश्या येऊन राह्यल्या!" त्यांच्या तोंडून इतक्या दिवसांत आनंदाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बोंडं फुटेपर्यंतचं काम आता त्या आणि सरांचे विद्यार्थी करणार आहेत. पण वाऱ्यानं शेजारचं औषध उडून आलं, तर सगळं वाया जाईल.

तेव्हा आता उभं राहून शांत राहू. आधीच सांगतो, जो उठेल, त्यानं वेचणीपर्यंत सरांच्या धुऱ्यालगत फवारायचं नाही हे कबूल केलं, असं मी धरणार. बसून राहायची मुभा आहे.

उठताय? गणपतभाऊ, तुम्ही सगळ्यांत आधी?

वहिनी, बघा. कोणीच बसलं नाही.

सर, नमस्कार. आता कोणी बोलू नका.