घागरींच्या रांगेतनं जीप

माझं गाव नेवाशाच्या अलीकडं, नाव कशाला लिहिता, गावाचं काय चुकलं त्यात. बाप शेतकरी, आमी चौघं भाऊ, त्यात मी सगळ्यात थोराड अंगाचा आन् सगळ्यात कमी कामाचा, मंग चुलते म्हनले याला नगरला नेऊन पलटनीत घाला, तिथं पोटाला तरी पुरंल. तसा मी मिल्ट्रीत गेलो. काय सांगू तुमाला, फुटबॉल म्हंजी काय ते मी तिथं पयल्यांदा बघितलं. एक पंजाबी हवालदार हुता, तो शिकवायचा, शिव्या आशा द्यायचा का बॉलनंसुद्धा ऐकावं. पन मानूस सरळ. त्याचा एक नेम हुता, बॉल हाताला लागला तर रेफ्रीच्या शिट्टीची वाट बघायची न्हाई, आपुनच हात वर करायचा. रेफ्रीनं बघितलं न्हाई म्हनून काय झालं, म्हनायचा, तुझ्या हाताला तर कळलं ना.

तर मिल्ट्रीनं मला बॉल दिला आन् रमची बाटलीबी दिली. दोन्ही सुटली न्हाईत. पेन्शनीत आलो, नगरच्या एका कॉलेजात खेळाचा सर म्हनून लागलो, न्हाई तर मला शिकलेलं कोन म्हननार हो, पन पोरं सर म्हनायची तवा छाती फुगायची. कॉलेजाकडं सामान न्हाई, दोन बॉल, त्यातला एक ठिगळाचा. मंग मी कुंभाराकडनं गाडगी आनली, मैदानावर रांगेत मांडली आन् पोरांला सांगितलं, बॉल ह्याच्यामधनं काढायचा, एका गाडग्याला धक्का लागला का मैदानाला चक्कर. लई गाडगी फुटली पयल्यांदा. मंग पोरं आशी तयार झाली का बघनारानं बघत ऱ्हावं. लोकं म्हनायची ही गाडग्याची टीम. ते लक्षात ठेवा, पुढं त्याच गाडग्यांनी माझं नाक कापलं. गाडग्यांनी म्हनतो मी, मीच कापलं.

यासीन म्हनून आमचा कॅप्टन, फुलबॅक खेळायचा, अंगानं काटकुळा पन गडी हटायचा न्हाई. एका फायनलीत बॉल त्याच्या कोपराला लागला, रेफ्री तिकडं तोंड करून, कोनी बघितलं न्हाई, आन् ह्या बाबानं हात वर केला. पेनल्टी झाली, गोल झाला, आमी हारलो. पोरं त्याला खाऊ का गिळू करायला लागली. मी त्याला कडंला घेतलं, पोटाशी धरलं, म्हनलं आज तू मला जिंकून दिलं. आसं म्हननारा मानूस मी. आमची मंडळी लई तोंडाची, ती म्हनायची, पोरांला एवढी शिस्त सांगता, घरी येताना वाटंत कुठं सांडती ती? मी म्हनायचो गप बस. रागानं म्हनायचो, कारन खरं हुतं.

आता ते मोठ्या दुष्काळाचं साल, पाऊस न्हाई, गावोगाव टँकर. बेलापूरला सामना हुता, आमी जिंकलो. तिथं माझा पलटनीतला दोस्त, म्हनला वस्तीवर चल, मटान टाकलंय. पोरं जेवली, आमी दोघं पिलो. थोडी म्हनता म्हनता बाटली उताणी. जीप कॉलेजची, ड्रायव्हर तापानं फनफनलेला म्हनून येतानाच मी चालवत आनली हुती, जातानाबी मीच बसलो. यासीन म्हनला, सर, ऊन उतरू द्या, मंग निघू. मी त्याच्यावरच खेकसलो, तू मला शिकवतो व्हय रे.

वाटंत एका गावापाशी टँकर उभा. भरलेल्या घागरी रस्त्याच्या कडंला रांगेत मांडलेल्या, मातीच्या, पितळंच्या, आन् बाया तिकडं टँकरच्या शेवटच्या धारेसाठी भांडत हुत्या. मला ती रांग दिसली. दिसली म्हंजी चांगली दिसली, हेच तर सांगायचंय. मी म्हनलं, यासीन, बघ रे, बॉल कसा काढायचा. आन् जीप घातली त्यात. डावी, उजवी, पयल्या दोन चुकवल्याबी, मागं पोरांनी टाळ्या वाजवल्या. मंग निसता आवाज.

मानूस मेलं न्हाई, देवाची कृपा. पन पानी... सगळं पानी रस्त्यावर. टाळ्या बंद झाल्या. बाया धावत आल्या आन् उभ्याच ऱ्हायल्या, कोनी शिवीसुद्धा देईना. एक म्हातारी खाली बसली, पदर त्या चिखलात बुडवायची आन् पितळंच्या चेपलेल्या घागरीत पिळायची. माझ्याकडं बघून म्हनली, लेकरा, तुला दिसलं न्हाई का रं? आन् मी हसलो. व्हय. हसलो मी. लिहा ते, गाळू नका. बाकीचं काय बी माफ होईल, ते हसू न्हाई व्हायचं.

गावकऱ्यांनी धरलं, पोलीस आले, दवाखान्यात नेलं, डाक्टरनं तोंडाचा वास घेतला, रक्त काढलं. केस झाली. प्रिन्सिपल साहेब म्हनले, सुटलात तर नोकरी, न्हाई तर मला विचारू नका. मंग वकील केला. तो हुशार. म्हनला, स्टेरिंग आडकलं म्हनायचं, आन् पोटासाठी आसव घेतलं हुतं म्हनायचं, वास त्याचा. आसल्या केसीत आसवच निघतं, म्हनला, साक्षीला वैद्यबी मी आनतो, निस्तं पोरांनी साक्ष द्यायला पायजे. पोरं लगेच तयार झाली. मी न्हाई म्हनलो का? न्हाई. मी आमच्या घराच्या वसरीवर बसून त्यांची साक्ष पाठ करून घेतली, मैदानावर घोटून घ्यायचो तशी. मंडळी सैपाकघरातनं एवढंच म्हनली, कुनाची लेकरं कशाला बाटवता.

तारीख आली. यासीन पिंजऱ्यात उभा ऱ्हायला, शपथ घेतली. वकिलानं विचारलं, सर दारू पिले हुते का? पोरगं खाली बघून म्हनलं, न्हाई साहेब, पोटाचं औषध घेतलं हुतं. त्याचा आवाज आसा झाला का मला वळखू येईना. आन् काय झालं मला, तुमाला खरं सांगतो, मी ठरवलं न्हाई काय बी, माझा हात वर गेला. मॅजिस्ट्रेट साहेब म्हनले, हात काय वर करताय, शाळा हाय का ही, बोला काय ते. वकील कोट ओढतोय. मी म्हनलं, साहेब, पोरगं खोटं बोलतंय आन् ते मी शिकवलंय. मी पिलो हुतो. स्टेरिंगला काय झालं नव्हतं. यासीननं तवा वर बघितलं.

दंड झाला, लायसन गेलं आन् कोर्ट उठंपर्यंत बसायची शिक्षा. बाकड्यावर बसलो, लोकं येऊन बघून जायची, हेच ते गाडगीवाले. संध्याकाळी उठलो तर पोरं बाहेर उभी, मी तोंड चुकवून मागल्या दारानं गेलो. नोकरी तर गेलीच.

मंग एक नवी पितळंची घागर घेतली आन् एस्टीनं त्या गावाला गेलो. म्हातारीचं घर इचारत इचारत. तिनं मला वळखलं, घागर घेतली, उलटी करून टिचकी मारून बघितली, ठेवली. मी म्हनलं, आजी, त्या दिवशी मी हसलो. ती वळली. आत गेली, पान्याच्या डेऱ्याच्या तळाला तांब्या खरवडल्याचा आवाज आला, आन् पेलाभर पानी घेऊन आली. दारात आलेल्याला पानी देत्यात ना. मी म्हनलं नको, नको, आजी, खरंच नको. तर म्हनली, पी लेकरा, उन्हाचा आलाय. माझ्यानं पेला तोंडाला लावंना, पन ती समोर उभी, मी पिल्याबिगर हलंना. मंग पिलो. पेला रिकामा करून मी थेंब सांडला का काय ते खाली बघितलं.

आता मी गावाकडं भावाच्या शेतावर राबतो, दारू सुटली हाय, सुटली म्हंजी आजच्या दिवसापुरतं सांगतो. यासीन मधी येऊन गेला, म्हनला सर, गावातल्या पोरांला शिकवा ना, बॉल मी आनतो. म्हनलं बघू. घरात मी पानी मागत न्हाई, आपला उठून घेतो. कोनी हातात पेला दिला का अजून खाली बघतो मी. बाकी तुमी आला, ऐकून घेतलं, तुमचं भलं होवो.