जॅकची पूजा

आमच्या ह्यांचं प्रेम पाहाचं असंन ना वं, तर त्यांच्या ट्रकमधली हत्याराची पेटी उघडा. खंडेनवमीले एकेक पाना पुसला, जॅकले तर हळदकुंकू लावून शेवंतीचा हार घातला.

मी म्हटलं, "मले कधी गजरा तरी आणला का?"

तर म्हणे, "जॅक रस्त्यात कामी येते. तू येतं का?"



दुसऱ्या दिवशी भिवापूरजवळून फोन आला. "टायर फुटला वं, अन् पेटीत जॅकच नाही!"

"देवघरात आहे," मी म्हटलं. "तुमचा देव आहे, तर तिथंच बसवला. जोडा आता हात!"

कोणाचा तरी जॅक मागून संध्याकाळी घरी आले. हातात मोगऱ्याचा गजरा! मी लगेच पाठ फिरवून केस त्यांच्यापुढं केले. हे सरळ देवघरात गेले.